कान नसलेल्या सायकलला पूर्ण मडगार्ड: माझा एका पावसाळ्याचा अनुभव

टॉवेलच्या कारखान्यात मी तपासणीला आहे. पांढऱ्या टेरीवर तिळाएवढा तेलाचा ठिपका दिसला तरी पीस बाजूला काढायचा, हे माझं अकरा वर्षांचं काम. घर सोलापुरात विजापूर रोडला, कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. दोन रिक्षा बदलत जाण्यापेक्षा मी सायकलनं जाते.

मागच्या सप्टेंबरात उत्तराचा पाऊस रात्रभर कोसळून पहाटे थांबला होता. मी निघाले तेव्हा आभाळ मोकळं होतं, फक्त रस्ता ओला होता. खात्यात शिरले तर शेजारची म्हणाली, "अगं, पाठ बघ तुझी." कंबरेपासून मानेपर्यंत काळा पट्टा. पाठीवरच्या कापडी पिशवीत पार्टीला दाखवायचे तीन नमुने होते, त्यांतल्या दोनांच्या घडीवर तोच पट्टा उमटला होता. दोन्ही धुतले, पण काळ्या मातीचं पाणी टेरीच्या फासांत मुरलं की मागे पिवळट सावली राहतेच. ते दोन्ही नमुने बाद करण्याची सही मलाच करावी लागली.

त्या दिवसापासून मी सायकलला मडगार्ड बसवायच्या मागे लागले आणि तीन महिन्यांत तीन प्रकार करून पाहिले. शेवटचा जमला. यंदाचा अख्खा पावसाळा त्यावर काढला, म्हणून आता खात्रीनं लिहिते आहे.

आधी एक गोष्ट. "सोलापुरात मडगार्ड कशाला? पाऊस पडतो तरी किती?" असं मला निदान दहा जणांनी विचारलं. पाऊस कमी, हे खरंच आहे, आपला जिल्हा अवर्षणातलाच. पण सायकलवाल्याला भिजवतो तो रस्ता, आणि रस्ता ओला व्हायला पाऊसच लागतो असं नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि येतं त्या दिवशी गल्ल्यागल्ल्यांतून अंगणं, गाड्या धुतल्या जातात. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरावर येऊन पडतो आणि सकाळच्या दवानं पुन्हा ओला होतो. परतीचा पाऊस तर सप्टेंबर-ऑक्टोबरात असा येतो की वर्षाची कसर दोन आठवड्यांत भरून निघते. मडगार्ड नसलेल्या सायकलवर यातलं सगळं पाणी चाक उचलतं आणि सरळ रेषेत भिरकावतं. मागचं चाक पाठीवर आणि पुढचं चाक पायांवर आणि चैनीवर. पुढच्या चाकाचं कुणी बोलत नाही. खरं नुकसान तेच करतं.

माझी सायकल अॅल्युमिनियमची हायब्रिड आहे. सातशे सीची चाकं, ३५ मिलिमीटरचा टायर, पुढेमागे केबलचे डिस्क ब्रेक, पुढचं चाक धरणारा चिमटा साधा, ताठ. घेतली तेव्हा सडपातळ दिसली म्हणून आवडली होती. मडगार्डच्या दांड्या अडकवायला फ्रेमला आणि चिमट्याला खाली जी छोटी आट्याची भोकं असतात, ती हिला नाहीत. ती नसतात हेच मला तेव्हा माहीत नव्हतं. शहरातल्या एका मोठ्या शोरूममध्ये नेली तर तिथल्या मुलानं लांबूनच बघून सांगितलं, "मॅडम, या मॉडेलला मडगार्डचं प्रोव्हिजनच नाही. एक्स्चेंजमध्ये दुसरी घ्या." चौदा महिन्यांची सायकल. मी नमस्कार करून बाहेर पडले.

पहिला प्रकार म्हणजे ऑनलाइन मिळणारे प्लॅस्टिकचे आखूड मडगार्ड. मागचा सीटच्या नळीला पट्ट्यानं आवळायचा, पुढचा फ्रेमच्या खालच्या नळीला. ३४९ रुपये, पाच मिनिटांचं काम, एक पानासुद्धा लागत नाही. पाठ वाचते, तेवढं कबूल. पण मागचा मडगार्ड चाकापासून वीतभर वर तरंगत असतो, त्यामुळे वारा आला की डावी-उजवीकडे वळतो आणि पाणी बाजूनं निसटतं. पुढच्याचा तर उपयोग जवळपास शून्य. पाय गुडघ्यापर्यंत भिजायचे ते भिजायचेच, चैनीवर रेती बसायची ती बसायचीच. दुसऱ्या महिन्यात उन्हानं पट्ट्याचं रबर तडकलं आणि विजापूर रोडवर मागून येणाऱ्या दुचाकीसमोर मडगार्ड गळून पडला. त्या मुलानं गाडी सावरली म्हणून बरं. पुन्हा तो मी बसवला नाही. ज्यांना फक्त पाठ वाचवायची आहे आणि महिन्यातून दोनदा सायकल काढायची आहे त्यांनी घ्यावा. रोज कामावर जाणाऱ्यानं पैसे घालवू नयेत.

दुसरा प्रकार आमच्या सायकलवाल्या चाचांच्या डोक्यातला. चाचांचं दुकान म्हणजे चिंचेखाली एक पेटी, पंप आणि पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी सायकल उलटी केली, चिमट्याच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, हिला कानच नाहीत की ओ." तेव्हापासून माझ्याही तोंडात तोच शब्द बसला.

चाचांचं म्हणणं असं की कान नसले म्हणून काय झालं, जुन्या काळ्या सायकलींच्या दांड्या कुठं कानाला असायच्या, त्या तर चाकाच्या एक्सलवरच नटाखाली धरलेल्या असायच्या. हे ऐकून मला वडिलांची सायकल आठवली. खरंच, दांडीच्या टोकाला मोठं भोक, ते एक्सलवर चढवलेलं आणि वरून वायसर आणि नट. चाचांनी तसाच लोखंडी मडगार्ड काढला. पण दोन गोष्टी आडव्या आल्या. एक, माझ्या चाकाला नट नाही, क्विक रिलीज आहे. पोकळ एक्सलमधून बारीक सळई जाते आणि बाहेरून खटका दाबून चाक पकडतं. त्या खटक्याच्या आणि चिमट्याच्या मध्ये दांडी घातली तर पकड दांडीवर बसते, चिमट्यावर नीट बसत नाही. पुढचं चाक ज्या पकडीवर आहे तिथं मी पत्र्याचा तुकडा घालू देणार नाही, असं चाचांना स्पष्ट सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरोबर आहे." दुसरी गोष्ट म्हणजे गोलाई. काळ्या सायकलीचं २८ दीडचं (२८ बाय दीड इंची) चाक ६३५ मिलिमीटरच्या रिमचं, आणि माझं सातशे सीचं ६२२ चं. नुसतं ऐकून फरक किरकोळ वाटतो, पण मडगार्ड वर धरला की टोकं लगेच बाहेर पडतात. त्यामुळे मडगार्ड घेताना इंचात बोलू नका, टायरच्या कडेवर छापलेला आकडा बघा. माझ्या टायरवर ३५-६२२ लिहिलेलं आहे. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास. जुन्या २६ इंची माउंटन बाइकवर दुसरा आकडा ५५९ असतो.

तिसरा आणि कायमचा मार्ग कारखान्यातच सापडला. आमच्याकडे मागांना हवेच्या लाइनी आहेत, त्या नळ्या फ्रेमला धरून ठेवायला पत्र्याचे क्लँप असतात. पत्र्याची पट्टी, आतून रबराचं अस्तर, नळीभोवती गुंडाळली की दोन्ही टोकं एकावर एक येतात आणि त्यांच्या भोकातून एक बोल्ट. बाजूनं बघितलं तर इंग्रजी पी अक्षर दिसतं, म्हणून सायकलवाले त्याला पी-क्लिप म्हणतात. ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ब्रेकच्या पाइपासाठी हेच मिळतात. मागांची दुरुस्ती बघणाऱ्या जॉबरमामांना मी चिमट्याचा फोटो दाखवला आणि विचारलं, "मामा, कान नसला तर कान बांधता येईल का?" त्यांनी खिशातून एक क्लँप काढून माझ्या हातावर ठेवला. "हा काय कानच आहे की."

खरं काम इथून पुढे आहे आणि ते मापाचं आहे. क्लँप नळीच्या मापाचा नसेल तर आवळल्यावर एक तर घसरतो, नाही तर पट्टी वाकडी होते. मोजायचा कॅलिपर नसला तरी चालतं. मी शिवणाची टेप घेतली. चिमट्याचा पाय मला हवा तिथं ७२ मिलिमीटर घेराचा भरला. ३.१४ नं भागलं की व्यास, म्हणजे २३. मागच्या उभ्या नळ्या ५० घेराच्या, म्हणजे १६. मागच्या चाकावर दोन नळ्या जोडणारी आडवी दांडी ३८, म्हणजे १२. बाजारात १२ आणि १६ मिळाले, २३ नव्हता. २५ चा घेतला आणि आत जुन्या ट्यूबच्या रबराचा एक वेढा दिला. सायकलची ट्यूब साधारण एक मिलिमीटर जाड असते, दोन्ही बाजू धरून दोन भरतात. क्लँप असा बसला की हातानं फिरेना. रंगावर ओरखडाही नाही.

चिमटा खालच्या बाजूला निमुळता असतो, म्हणून माप जिथं क्लँप बसणार तिथंच घ्या. माझ्या चिमट्याच्या डाव्या पायावर ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारा भाग, आहे आणि त्याची केबल त्याच पायावरून खाली उतरते. क्लँप कॅलिपरच्या वर घेतला आणि केबल बाहेरून मोकळी ठेवली. ती क्लँपखाली चेपली तर ब्रेक लागतो पण सुटत नाही. उजव्या बाजूला अडथळा नसूनही क्लँप त्याच उंचीवर ठेवला, नाही तर मडगार्ड तिरका बसतो. बोल्ट ५ मिलिमीटरचे, डोकं चाकाकडे आणि नट बाहेर. बोल्टचं शेपूट आत राहिलं तर डिस्कला किंवा चाकाच्या तारांना घासू शकतं. नट नायलॉनची कडी असलेलेच घ्या. साधे नट आपल्या रस्त्यांवर आठवडाभरही टिकत नाहीत.

मडगार्ड मी प्लॅस्टिकचे पूर्ण लांबीचे घेतले, ४५ मिलिमीटर रुंद. टायरपेक्षा दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर जास्त, म्हणजे पाणी कडेनं बाहेर येत नाही. मडगार्ड धरणाऱ्या दांड्या यात तारेच्या असतात: पुढच्याला तारांची एक जोडी, मागच्याला दोन जोड्या.

बसवायचं काम चाचांनी आणि मी मिळून एका रविवारी केलं. पुढच्या मडगार्डाचं वरचं टोक सोपं गेलं. चिमट्याच्या माथ्याला आरपार भोक होतं, त्यात रिफ्लेक्टर अडकवलेला. कान नसलेल्या बऱ्याच सायकलींना हे भोक असतं. तुमच्या सायकलचा रिफ्लेक्टर काढून आधी बघून घ्या. मागे आडव्या दांडीला १२ चा क्लँप. मागच्या मडगार्डाचं खालचं टोक, पायडलच्या मागे, तिथं धरायला काहीच नव्हतं. चाचांनी खिळा तापवून प्लॅस्टिकला दोन भोकं पाडली आणि त्यांतून केबल टाय काढून सीटच्या नळीला बांधला. अख्ख्या सायकलवर केबल टाय एवढ्या एकाच जागी आहे आणि तो दर सहा महिन्यांनी बदलायचा, कारण ऊन त्याला ठिसूळ करतं. आपलं एप्रिल-मेचं ऊन तर विचारूच नका.

अडचण होती अंतराची. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये सगळीकडे सारखी फट हवी. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी झाली की डोळ्याला खटकतंच, शिवाय कमी फटीच्या जागी खडा अडकून खर्रर्र आवाज येत राहतो. चाचा डोळ्यानं बघून तार आवळत होते, मी म्हणत होते डावीकडे आलं, ते म्हणत होते नाही. मग मी पिशवीतून बाद टॉवेलची एक लांब पट्टी काढली. जाड टेरी, दुहेरी घडी दाबली की साधारण दहा मिलिमीटर. ती टायरच्या माथ्यावरून पुढून मागे पसरली, वरून मडगार्ड दाबून बसवला, टॉवेलला टेकवूनच दोन्ही बाजूंच्या तारा क्लँपमध्ये धरल्या आणि नट आवळले. मग टॉवेल एका टोकानं हळूच ओढून काढला. चाक फिरवलं. कुठेही टेकलं नाही. फट कमानीसारखी सारखी, माथ्यालाही तेवढीच आणि खालीही तेवढीच. चाचांनी चाक पुन्हा एकदा फिरवलं, वाकून बघितलं आणि टॉवेलची ती पट्टी स्वतःच्या पेटीत ठेवून दिली.

तारेची जास्तीची टोकं हेक्सॉनं कापली, कानशीनं घासली आणि वर रबराच्या टोप्या बसवल्या. हे करायचंच. उघडी तार पोटरीला लागली तर चांगलीच फाडते.

पुढच्या मडगार्डाला खाली फ्लॅप हवाच. कंपनीचा मडगार्ड चाकाच्या मध्यापासून थोडा खाली येऊन संपतो, आणि नेमकं तिथूनच सुटणारं पाणी बुटावर आणि चैनीवर जातं. चाचांनी ट्रकच्या मडफ्लॅपचा एक तुकडा दिला. मी कागदावर आकार काढून कापला, खाली थोडा रुंद, जमिनीपासून चार बोटं वर. दोन छोटे बोल्ट आणि मागून वायसर. या एका रबराच्या तुकड्यानं जेवढा फरक पडला तेवढा बाकी कशानं पडला नाही. यंदा हस्ताच्या पावसात सात रस्ता चौकात घोट्याएवढं पाणी होतं, त्यातून गेले आणि कारखान्यात पोचले तेव्हा मोजे कोरडे होते. पाठीचं तर आता नावही नको. शेजारची अजून रोज माझी पाठ बघते आणि काही न बोलता कामाला लागते.

चैनीचंही सांगते. आधी पावसाळ्यात दर चौथ्या दिवशी चैन पुसून तेल द्यावं लागायचं, नाही तर दळल्यासारखा आवाज. यंदा आठवड्यातून एकदा पुरलं.

आता उणीवा, कारण नुसतं चांगलं लिहिलं तर कुणाची तरी फसगत होईल.

पहिली उणीव बुटाची. माझी उंची पाच फूट एक इंच, फ्रेम लहान आणि चाक मात्र सातशे सीचं मोठं. त्यामुळे पायडल पुढे असताना हँडल जोरात वळवलं की बुटाचं टोक मडगार्डाला लागतं. आधी टायरला निसटतं लागायचं, आता मडगार्डानं ती जागा आणखी खाल्ली. वेगात हँडल एवढं वळत नाही, म्हणून धोका फक्त सावकाश वळताना. पहिल्या आठवड्यात फाटकातून बाहेर पडताना एकदा पाय अडकून मी आडवी झाले. आता वळताना आतल्या बाजूचा पाय वर ठेवते आणि पायडल मारत नाही. उंच माणसांना हा त्रास होणार नाही, पण लहान चणीच्या बायकांनी आणि मुलींनी दुकानातच बूट घालून, हँडल वळवून बघावं.

दुसरी उणीव काळ्या मातीची, आणि ही आपल्याकडे सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवी. जुलैत बहिणीच्या शेतावर गेले होते, कुंभारीच्या पुढे. डांबर सोडून बांधाच्या वाटेनं दीडशे पावलं गेले असेन. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि लोण्यासारखी चिकटते. ती टायरबरोबर वर चढली, दहा मिलिमीटरच्या फटीत ठासून भरली आणि दोन्ही चाकं जाम झाली. सायकल ढकलताही येईना. काडीनं उकरत अर्धा तास गेला. मडगार्ड नसता तर माती उडून गेली असती. यावर फट वाढवणं हा उपाय नाही, कारण ती माती पंचवीस मिलिमीटरची फटही भरते. ज्यांना पावसात शेताच्या वाटेनं जायचं आहे त्यांनी त्या दिवसापुरते मडगार्ड काढावेत. सगळं बोल्टवर असल्यानं चार मिलिमीटरच्या अॅलन कीनं आणि आठच्या पान्यानं दहा मिनिटांत निघतात, आणि क्लँप जागेवरच राहिल्यानं परत बसवायला तेवढाच वेळ लागतो.

तिसरी उणीव गंजाची. मी घेतलेले क्लँप जस्ताचा मुलामा दिलेले होते. एका पावसाळ्यात त्यांच्या कडा लाल झाल्या. पकड गेली नाही, पण पुढच्या वेळी स्टेनलेसचेच घेणार. दहा-वीस रुपयांचा फरक आहे.

आणि एक सावधगिरी, जी चाचांनी सांगितली आणि मला पटली. पुढच्या चाकात बाभळीची फांदी किंवा काटकी शिरली, मडगार्डाच्या आत ओढली गेली तर मडगार्ड गोळा होऊन चाक जागेवर थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे पडतो. म्हणून पुढच्या तारा कुठेतरी सुटायला हव्यात. चांगल्या मडगार्डांना पुढच्या तारेच्या टोकाला प्लॅस्टिकची सुटणारी क्लिप असते, जोराचा हिसका बसला की ती निघते. माझ्या सेटमध्ये ती होती. ज्यांच्यात नसेल त्यांनी पुढची तार बोल्टनं पक्की न करता अशी क्लिप वेगळी मागावी. मजबूत म्हणजे सगळीकडेच मजबूत, असं इथं चालत नाही.

तुमचा चिमटा शॉकअपचा असेल तर माझी रीत जशीच्या तशी लावू नका. शॉकअपमध्ये चाकाबरोबर खालचे पाय वर-खाली होतात आणि माथा जागेवर राहतो. मडगार्डाचं वरचं टोक माथ्याला आणि तारा खालच्या पायांना बांधल्या तर पहिल्याच खड्ड्यात फट बंद होते. तिथं सगळंच खालच्या पायांना, त्यांना जोडणाऱ्या कमानीला बांधावं लागतं, आणि चकचकीत दांड्यांना तर कशानेही हात लावायचा नाही. कार्बनची फ्रेम असेल तर पत्र्याचा क्लँप अजिबात नको, दाबानं कार्बन आतून फुटू शकतं आणि वरून दिसत नाही. त्यांच्यासाठी रबरी पट्ट्यानं बांधायचे मडगार्ड येतात. जर्मनीच्या एसकेएसचे रेसब्लेड याच कामासाठी बनवलेले आहेत, बारीक टायरच्या रोड बाइकसाठी. ते मी वापरलेले नाहीत. माझ्या ३५ च्या टायरला ते चालणारही नव्हते.

खर्च असा झाला: मडगार्डचा सेट ११५० रुपये, सहा क्लँप ९० रुपये (पाच लागले, एक जादा ठेवला), नट-बोल्ट-वायसर ४०. चाचांनी शंभर मागितले, मी दीडशे दिले, कारण अडीच तास ते माझ्याबरोबर उकिडवे बसले होते. एकूण १४३०. सायकल बदलून घे म्हणणाऱ्या शोरूममध्ये यात नव्या सायकलचं एक चाकही आलं नसतं.

बसवल्यावर पहिल्या आठवड्यानं सगळे नट एकदा आवळा. रबर दबतं आणि क्लँप थोडा सैल होतो. माझे दोन सैल झाले होते. त्यानंतर वर्षभरात एकदाही हात लावावा लागला नाही. खडखड आवाज अजिबात नाही, स्पीडब्रेकरवरूनही नाही, आणि इथं स्पीडब्रेकर किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे.

परवा तपासणीतल्या एका मुलीनं तिची सायकल दाखवली. तिलाही कान नाहीत. टेपनं मोजलं तर चिमटा ६० घेराचा, म्हणजे १९. स्पेअर पार्टवाल्याकडे २० चा आहे म्हणाला. ट्यूबचा तुकडा मी घरून नेणार आहे, टॉवेलची पट्टी चाचांच्या पेटीत आहेच. रविवारी सकाळी नऊ वाजता चिंचेखाली बसवायला घेऊ.